विरजणाचा वास

मी आयुष्यभर बियर बनवण्याच्या कारखान्यात नोकरी केली, असं सांगितलं की भाईंदरच्या आमच्या इंद्रलोक वसाहतीतले शेजारी दोन प्रकारे बघतात. काहींच्या डोळ्यांत एकदम आपुलकी दाटून येते, तर काहींना अचानक घरी काम आठवतं. माझ्या सासऱ्यांना मी 'धान्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात केमिस्ट' आहे असं सांगण्यात आलं होतं. त्यांना ते पोह्यांची गिरणी वगैरे वाटलं असावं. लग्नानंतर वर्षभराने त्यांना खरं कळलं, तेव्हा ते मला म्हणाले, "जावईबापू, निदान सँपल तरी आणायचं." तेव्हापासून आमचं बरं जमलं.

ठाण्याच्या अंगाला, खाडीजवळ आमची ब्रुअरी होती. आज तिथे पोहण्याच्या तलावासकट उंच इमारती आहेत. त्यांच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. जिथे तो तलाव आहे तिथे आमचा यीस्टचा विभाग होता. तिथे मी उमेदीची सगळी वर्षं घालवली.

ज्यांना या धंद्याची काही माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या शहरात बियर पहिल्यांदा आली ती गोऱ्या शिपायांसाठी, बोटीतून, पिंपांत भरून. प्रवासात ती निम्मी आंबायची. इथे ती बनवता येत नव्हती, कारण तिला गारवा लागतो आणि आपल्याकडे गारवा म्हणजे माठातलं पाणी. पुढे बर्फाची यंत्रं आली आणि जमायला लागलं. मग दारूबंदी आली. त्या काळात शहराची तहान आमच्या भाईंदरने भागवली असं म्हटलं तर इथले जुने लोक नाकारणार नाहीत. माझा सहकारी हिराजी हा खारी गावचा. त्याच्या घरची मिठागरं होती. तो सांगतो की त्याच्या लहानपणी तिवरांच्या चिखलात गुळाची पिंपं पुरलेली असायची, आणि कुठल्या पिंपाजवळ खेळायचं नाही हे पोरांना शाळेत जाण्याआधी शिकवलं जायचं. बंदी सैल झाली तेव्हा रीतसर ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. त्यातली एक आमची.

बियर करणं म्हणजे काय? जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते मोड भट्टीत वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात घालून त्यातली गोडी उतरवून घ्यायची. या काढ्यात हॉप्स नावाच्या वेलाची कडू फुलं उकळायची. काढा थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. आमच्याकडे यीस्टला सगळे विरजणच म्हणत. घरोघरी दूध एकाच डेअरीचं असतं, पण एकीचं दही घट्ट गोड लागतं आणि शेजारणीचं ताराळ होतं, ते विरजणामुळे. तसंच हे. जव कोणीही विकत घेतो, पाणी सगळ्यांना त्याच धरणाचं. ब्रुअरीचं स्वतःचं असं काही असेल तर ते यीस्ट. आमचं यीस्ट ब्रुअरी सुरू झाली तेव्हा परदेशातून थर्मासमध्ये घालून विमानाने आणलेलं होतं. तेव्हापासून ते दर हंगामात एका काचेच्या नळीतून दुसऱ्या नळीत, पिढी दर पिढी, जिवंत ठेवलेलं होतं. ते ठेवणारा माणूस मी.

आणि त्या यीस्टला घाण वास यायचा. अगदी सडक्या अंड्याचा. थंडाव्यात हळूहळू काम करणाऱ्या यीस्टची ती जातच आहे. टाकीत आंबणं चालू असलं की गंधकाचा भपकारा सुटतो आणि पुढे महिनाभर बियर मुरली की तो आपोआप निघून जातो. कारखाना बघायला येणारे लोक नाकाला रुमाल लावत. बँकेचे एक साहेब तर अर्ध्यातून परत गेले. आम्हाला मात्र तो वास आला की जीव भांड्यात पडायचा. आमच्या धंद्यात आंबताना सुगंध आला तर घाबरायचं असतं.

तसं एकदाच झालं. एका सकाळी सहाव्या टाकीवर चढलो तर लवंगेचा वास. मसालेभातासारखा, प्रसन्न. नव्या लोकांनी मान डोलावली, हिराजी माझ्याकडे बघत राहिला. हवेत, फळांवर, फुलांवर, ताडीच्या मडक्यात रानटी यीस्ट सगळीकडे असतं. त्याचा एक कण आत शिरला की ते आपल्या यीस्टच्या ताटातलं खात खात वाढतं आणि शेवटी आपलं उपाशी मरतं. आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य ब्रुअरनी, वर चढून एकदाच श्वास घेतला आणि "सोडून द्या" म्हणाले. अख्खी टाकी गटारात गेली. त्या दिवशी खाडीतल्या माशांची चंगळ झाली असं लोक हसून सांगत, पण साहेब दुपारी जेवले नाहीत.

त्यामुळेच आमच्याकडे दसऱ्याला एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नसेल. खंडेनवमीला सगळीकडे साफसफाई व्हायची, बॉयलरला, पंपांना, बाटल्या भरण्याच्या यंत्राला झेंडूचे हार पडायचे. ट्रकांना तर नवरदेवासारखं सजवत. फक्त यीस्टच्या खोलीत फूल न्यायचं नाही. हळदकुंकू नाही, अक्षता नाहीत, पाकळीसुद्धा नाही. कामगारांना हे फार लागायचं. ज्याच्यावर सगळ्यांचं पोट, त्यालाच पूजा नाही? शेवटी हिराजीने तोड काढली. तो त्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभा राहून नुसते हात जोडायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. ही गोष्ट मी दर दसऱ्याला घरी येऊन मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचो. ती म्हणायची, "बिचारं. देव असून सोवळ्यात."

गिऱ्हाइकांपैकी एकाचीच आठवण सांगतो. गिरगावातले एक गृहस्थ वर्षातून दोनतीनदा अर्धी बाटली पिशवीत घेऊन यायचे आणि चव बदलली अशी तक्रार करायचे. ते प्यायचे अगदी थोडी, हुंगायचे जास्त. आम्ही चहा पाजून त्यांना परत पाठवायचो. एकदा ते आले आणि म्हणाले, "यात काहीतरी कमी आहे, दुखणाईत वाटतेय." हसत हसत तपासलं तर गारवा करणाऱ्या यंत्रात बिघाड सापडला. यीस्ट उकाड्याने शिणलं होतं. त्यानंतर साहेबांनी त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत एक खुर्ची ठेवली. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलाने पत्ता शोधून आम्हाला कळवलं. ज्या वस्तूची चव असा एखादा माणूस ओळखतो, ती वस्तू जगात आहे असं मला वाटतं. तो माणूस गेला की नुसतं लेबल उरतं.

लेबल उरलंच. कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी आमचं नाव ठेवलं आणि बियर दुसऱ्या राज्यातल्या त्यांच्या कारखान्यात त्यांच्या यीस्टवर करायला लागले. आजही ती बाटली दुकानात मिळते. मी घेत नाही. बंद करायच्या आठवड्यात टाक्या कॉस्टिक सोड्याने धुऊन द्यायच्या होत्या, सगळं यीस्ट नाल्यात सोडायचं होतं. तेही मीच केलं. नव्या मालकांच्या माणसाला विचारलं की एक नळी घरी नेऊ का. तो फोनवर बोलत होता, त्याने हाताने 'न्या, न्या' अशी खूण केली. तीन नळ्या रुमालात गुंडाळून मी घोडबंदरच्या बसमध्ये बसलो. बस हलेल तशा त्या खिशात वाजत होत्या. पुढे एक नळी मी ओळखीच्या एका कॉलेजात ठेवायला दिली. वर्षभराने चौकशी केली तर फ्रीज बदलताना 'जुनं सामान' फेकून दिल्याचं कळलं. म्हणजे या पृथ्वीवर आमचं यीस्ट फक्त आमच्या फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, एका स्टीलच्या पेल्यात उभं होतं.

ते जगवायचं कसं? दर दोनतीन महिन्यांनी त्याला नवं खाणं द्यावं लागतं. किराणा दुकानातून जव आणून मी गच्चीत मोड आणायचो, त्याचा काढा करायचो, त्यात चायना ग्रास घालून जेली करायचो. मंदाच्या कुकरमध्ये नळ्या शिजवून घ्यायच्या, स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल करायची आणि जुन्या नळीतलं टाचणीच्या टोकाएवढं यीस्ट नव्या नळीत ओढायचं. वर कापसाचा बोळा. अशा तीन नळ्या नेहमी तयार असायच्या. शिवाय परीक्षा म्हणून थोडं यीस्ट कपभर काढ्यात सोडून ती बाटली माठाच्या पाण्यात ठेवायची आणि चौथ्या दिवशी हुंगायची. घाण वास आला की पास. कायद्याने परवान्याशिवाय घरात बियर करता येत नाही आणि मी केलीही नाही. तो कपभर काढा मोरीत जायचा.

पण सोसायटीत बातमी फुटली. लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाल्यावर मला अचानक मान आला. वर्षानुवर्षं न बोललेले लोक लांबून 'कसे आहात काका' विचारायला लागले. दोन बायकांना केस धुवायला बियर हवी होती. सी विंगच्या सक्सेनाजींनी तर मला न विचारताच, मोबाईलवर बघून, पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या जारमध्ये पावाचं यीस्ट आणि माल्टवाल्या पेयाची पूड घालून झाकण घट्ट लावलं. आंबताना गॅस होतो हे त्या मोबाईलमध्ये सांगितलं नसावं. जार फुटला तेव्हा खालच्या मजल्यावर सिलिंडरचा स्फोट झाल्याची ओरड झाली. सक्सेनाजी अंगावर पाव चिकटल्यासारखे दारात उभे होते. मला म्हणाले, "पाटणकरजी, ज्ञान होना चाहिए, सिर्फ हिम्मत से नहीं होता." मी त्यांना सांगितलं की ज्ञान आहे माझ्याकडे, आता हिंमतच नाही.

त्याच साली नवरात्रात मला करोना झाला. श्वास लागला म्हणून भरती केलं. मंदा घरी एकटी. मुलगा बंगलोरला, येणं शक्य नव्हतं. मंदाला काचबिंदू आहे, तेव्हाच तिला कडेचं दिसत नव्हतं आणि समोरचं धूसर. दसरा आला. नवरा दवाखान्यात आहे, जगेल की नाही माहीत नाही, आणि घरात त्याची आयुधं आहेत. तिने काय केलं हे मला घरी आल्यावर कळलं. तिने फ्रीजमधला पेला काढून देवासमोर ठेवला, तीन नळ्यांना कुंकू लावलं, पाणी शिंपडलं आणि बोळ्यांवर झेंडूचं एक मोठं फूल ठेवलं. 'इतकी वर्षं बिचाऱ्याला पूजा मिळाली नाही, एक वर्ष मिळू दे, मग तरी त्याचा कोप तुम्हाला सोडेल,' असं तिच्या मनात आलं. मी घरी येईपर्यंत तो पेला तसाच देव्हाऱ्यात होता.

मी आलो, पेला पाहिला. फूल सुकून काळं पडलं होतं, कापूस ओला होऊन वाळल्याने पिवळा दिसत होता. तिन्ही नळ्यांवर. ब्रुअरीत असतो तर हात न लावता तिन्ही भट्टीत टाकल्या असत्या आणि मागची जपून ठेवलेली काढली असती. इथे मागची नव्हतीच. ती मला म्हणाली, "बघा, माझी पूजा पावली." मी जिवंत घरी आलो होतो आणि ती दार धरून हसत होती. मी म्हटलं, पावली.

बोटं थरथरत होती तरी नळ्या बदलल्या. बाटली माठात ठेवली. चौथ्या दिवशी नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही. मला वाटलं, मेलं. मग कांदा हुंगला, अत्तर हुंगलं, शेवटी रॉकेलची बाटली. काहीच नाही. त्या आजारात बऱ्याच जणांचं नाक गेलं आणि महिन्याभराने परत आलं. माझं आजतागायत आलेलं नाही. जेवण म्हणजे तोंडात गरम-गार, मऊ-कडक एवढंच उरलं. पण नोकरी संपलेल्या माणसाला नाकाचं काय, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून मंदा माझं नाक झाली. तिला बियर कधी आवडली नाही, पण नाक असं की तिसऱ्या मजल्यावरून सांगेल, तळमजल्यावर कोणाची डाळ लागलीय. त्या चौथ्या दिवशी तिला बाटली दिली. तिने तोंड वाकडं केलं. "शी! अंडं सडलंय." मी तिचा हात घट्ट धरला. यीस्ट जिवंत होतं, शुद्ध होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढची वर्षं अशीच गेली. मी तिला संध्याकाळी वर्तमानपत्र आणि दिवाळी अंक वाचून दाखवायचो आणि दर दोनतीन महिन्यांनी ती माझ्यासाठी वास घ्यायची. आधी घाण असायचा. मग "तेवढा घाण नाही" असं व्हायला लागलं. मग "सवय झाली मला" म्हणाली. आणि मग एकदा बाटली नाकाशी धरून पुन्हा हुंगली आणि म्हणाली, "अहो, छान येतोय." मला आनंद झाला. खरंच झाला. बाटलीतला फेसही आधीपेक्षा लवकर आणि जोरात चढायला लागला होता. मी गमतीने म्हणायचो, म्हातारपणी याच्या अंगात आलंय. जन्मभर ज्या गोष्टीला घाबरायला शिकलो आणि शिकवलं, ती माझ्या घरात, माझ्या समोर, माझ्या बायकोच्या तोंडून शब्दाशब्दाने मला सांगितली जात होती, आणि मला वाटत होतं की इतक्या वर्षांनी तिला माझं काम आवडायला लागलं.

गेल्या वर्षी नेहा आली. घोडबंदर रस्त्यावर तिची छोटी ब्रुअरी आहे, हॉटेलला जोडून, परवान्यासकट. हिराजीचा भाचा तिच्याकडे नोकरीला आहे, त्याच्याकडून तिला माझ्याबद्दल कळलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काका, माझे आजोबा तुमचीच बियर प्यायचे. आता जी मिळतेय ना, ती पिऊन ते नुसतेच मान हलवायचे. मला ती परत करायचीय. रेसिपी मी जुळवेन, पण यीस्ट कुठे मिळणार?" मी उठलो आणि फ्रीजमधला पेला तिच्यासमोर ठेवला. तिने तो लगेच उचलला नाही. आधी जाऊन हात धुऊन आली. मला तिथेच वाटलं, आता मी मेलो तरी चालेल.

एका टाकीची बियर ठरली. तिच्या प्रयोगशाळेत मी स्वतः यीस्ट वाढवलं, कपातून बरणीत, बरणीतून पिंपात. काढा शिजला त्या दिवशी मी सकाळपासून तिथे होतो. जवाची वाफ तोंडावर येत होती, वास येत नव्हता, पण डोळे मिटले तर मी तीस वर्षं मागे होतो. नेहा मधूनमधून फोन करायची. फेस जोरात आहे, साखर भराभर उतरतेय. एकदा तिने जरा अडखळत विचारलं, "काका, तुमच्याकडे गंधकाचा वास कधी सुरू व्हायचा?" मी म्हटलं, येईल, त्याला घाई नसते.

बियर मुरल्यावर तिने हिराजीला आणि मला बोलावलं. हिराजी आता काठी घेऊन चालतो. आमच्या ब्रुअरीच्या तळघरात, टाक्यांच्या गारव्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे गुडघे गेले, पण जीभ तशीच आहे. खारीहून निघताना त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. रिक्षात मला म्हणाला की रात्रभर झोप नाही, पोरीला बघायला जायच्या आधी असंच झालं होतं.

नेहाने तीन ग्लास भरले. रंग बरोबर होता. फेस बरोबर होता. मी एक घोट घेतला, गार, कडसर. बाकी मला काय कळणार? मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होतो. नेहाने मान खाली घातली होती. तिला आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. हिराजीने एक घोट घेतला, थांबला, ग्लास नाकाशी नेला. दुसरा घोट घेतला. मग ग्लास मेजावर ठेवला आणि तळव्याने तोंड पुसलं.

"चांगली हाय," तो म्हणाला. "पण ही आपली न्हाय."

मी म्हटलं, नवीन जव आहे, पाणी वेगळं आहे, मुरायला अजून वेळ द्यायला हवा. त्याने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सहावी टाकी आठवतंय का तुला? लवंग येतंय रं."

नेहाने सांगितलं की साखर पार तळाला गेली आहे, आमच्या जातीचं यीस्ट तेवढी खात नाही. खात्री करायला तिने थेंबभर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं होतं. त्यांचा फोन आदल्या दिवशी येऊन गेला होता. त्यात आमच्या यीस्टचा एकही कण नाही. सगळं रानटी. फुलांवर असतं तसलं. मी विचारलं, अगदी एकही नाही? ती म्हणाली, "काका, मी त्यांना दोनदा तपासायला लावलं." मग ती म्हणाली की बियर वाईट नाही, ती विकेल, त्याला माझं नाव देईल. मी नको म्हटलं. तिचे डोळे भरले होते आणि तिचा काही दोष नव्हता. दोष कोणाचाच नव्हता.

परतताना रिक्षात मी हिराजीला झेंडूच्या फुलाची गोष्ट सांगितली. त्याआधी कोणालाच सांगितली नव्हती. ते फुलातूनच आलं याची खात्री देता येत नाही. गच्चीतल्या जवातून आलं असेल, हवेतून आलं असेल, माझ्या थरथरत्या हातातून आलं असेल. पण जिथे पाकळीही नेत नव्हतो त्या खोलीत मी आयुष्य काढलं आहे. आमच्या ब्रुअरीच्या जागेवरच्या इमारती डावीकडून मागे गेल्या. मग हिराजी म्हणाला, "वैनीला यातलं काय सांगू नको. आपण दाराबाहेरून हात जोडायचो, तिनं आत जाऊन जोडलं. एवढाच फरक."

घरी आलो. मंदा दारातच उभी होती. "कशी झाली?" मी म्हटलं, छान झाली. "वास?" म्हटलं, तू म्हणतेस तसाच. ती इतकी खूश झाली की तिने शेजारी जाऊन सांगितलं.

आता काय? नेहा आणि हिराजी विचारतात तसं मीही स्वतःला विचारतो. नळ्या फेकून देता येतील. त्यात आमचं काही नाही. परदेशातून थर्मासमध्ये आलेलं, दोन पिढ्यांच्या लोकांनी जपलेलं, हजारो लोकांच्या जिभेवर राहिलेलं असं काहीतरी होतं, ते आता कुठेच नाही. भाषा मेली तर तिची पुस्तकं तरी राहतात म्हणे. याचं काय राहणार? हिराजीची जीभ आहे, तोवर ते कसं नव्हतं एवढंच सांगता येईल. कसं होतं हे तोही सांगू शकत नाही. मी पाच वर्षं एका परक्याला जव खाऊ घालून वाढवलं आणि माझं पोर त्याच घरात उपाशी मेलं, मला कळलंसुद्धा नाही. झोपताना हे रोज एकदा मनात येतं आणि त्यावर काही उपाय नाही. देवावर माझा राग नाही. तो त्या पेल्यासमोरच होता, त्यालाही कळलं नसावं.

तरी मी नळ्या फेकलेल्या नाहीत. दोनतीन महिने झाले की मंदाच आठवण करते, "अहो, खाणं द्यायचं ना त्याला?" मग मी जव भिजवतो, चायना ग्रास घालतो, कुकर लावतो. दसऱ्याला ती फूल ठेवते. आता मी अडवत नाही.

इंद्रलोकमधल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे की या लेखातलं पुढचं-मागचं तिच्याशी बोलू नये. आपल्या वसाहतीचा हा दिवाळी अंक आला की रिवाजाप्रमाणे मी तिला तो पहिल्या पानापासून वाचून दाखवीन. माझा लेख तर ती दोनदा वाचायला लावेल. सासऱ्यांची गोष्ट वाचीन, सहावी टाकी वाचीन, सक्सेनाजींचा जार वाचीन, तेव्हा ती हसेल. नवरात्रापाशी आलो की चष्मा काढीन आणि सांगेन, संपला. ती विचारेल, "एवढाच? आणि यीस्टचं पुढे काय झालं ते नाही लिहिलंत?" मी म्हणेन, ते काय लिहायचं, ते तर आपल्या फ्रीजमध्ये आहे. मग ती उठेल, भिंतीला हात लावत लावत फ्रीजपाशी जाईल, पेल्यातली एक नळी काढून बोळा बाजूला करेल आणि मला सांगेल, "छान येतोय हो."